नेने (हवाई हंस)

नेने : प्रशांत महासागरातील हवाई बेटांवरच आढळणारा रानहंस. शास्त्रीय नाव ब्रँटा सँडव्हिसेन्सिस. ‘सँडविच बेटे’ हे हवाईचे जुने इंग्रजी नाव, त्यावरून ते पडले. ‘नेने’ हे स्थानिक नाव त्याच्या हलक्या आवाजावरून आले. आपल्याकडच्या आडनावाशी त्याचा काही संबंध नाही. १९५७ पासून तो हवाईचा राज्यपक्षी आहे.

सुमारे ५ लाख वर्षांपूर्वी कॅनडा हंसाचे पूर्वज इथे पोहोचले आणि त्यांचे वंशज इथलेच होऊन गेले. उजनी-जायकवाडीला हिवाळ्यात येणारा पट्टकादंब हिमालय ओलांडतो. नेने मात्र बेटे सोडत नाही. पाण्यावाचूनही त्याचे फारसे अडत नाही. गवत, पाने आणि ‘ओहेलो’सारखी रानफळे खात तो थिजलेल्या लाव्हावरून चालतो. पायाच्या बोटांमधला पडदा त्यामुळेच आक्रसला आहे. डोके काळे, गाल पिवळसर आणि फिकट मानेवर नांगरल्यासारख्या गडद रेघा, एवढ्यावरून तो ओळखता येतो.

घरटे जमिनीवर, झुडपाच्या आडोशाला. मादी साधारण महिनाभर अंडी उबवते, नर पहारा देतो. पिले वाढत असताना आईबापांची पिसे झडतात आणि काही आठवडे त्यांनाही उडता येत नाही. मूळच्या हवाईत जमिनीवरून येणारा सस्तन शिकारी नव्हता, तोवर हे सारे ठीक चालले. पुढे माणसाबरोबर डुक्कर, कुत्री, मांजरे आली. १८८३ मध्ये उसातले उंदीर मारायला मुंगूस आणले. ते जमैकाहून आले असले तरी मूळचे आपल्या कोलकात्याकडचे. उंदीर रात्री हिंडणारे, मुंगूस दिवसा. साहजिकच त्याने अंडी-पिलांवर ताव मारला. १७७८ मध्ये अंदाजे २५,००० असलेले नेने १९५०च्या सुमारास ३०च्या आसपास उरले.

पक्षितज्ज्ञ पीटर स्कॉट यांच्या इंग्लंडमधील स्लिमब्रिज पक्षिकेंद्रात १९५० साली एक ‘जोडी’ पाठवली गेली. दोघांनीही अंडी घातली, तेव्हा दोन्ही माद्या असल्याचे कळले! मग घाईने नर मागवावा लागला. तिथे आणि हवाईत पिंजऱ्यांत वाढवलेले पक्षी पुढे रानात सोडले. १९६२ मध्ये माउई बेटावरच्या हालेआकाला ज्वालामुखीच्या विवरात स्काउटच्या मुलांनी ते खोक्यांत घालून पाठीवरून उतरवले. मुंगसाने बस्तान न बसवलेल्या काउआई बेटावर त्यांची संख्या सर्वांत चांगली वाढली. २०१९ मध्ये अमेरिकेने नेनेला ‘संकटग्रस्त’ यादीतून कमी धोक्याच्या ‘असुरक्षित’ वर्गात आणले. गोल्फच्या मैदानांवरचे कोवळे गवत त्याला फार आवडते, त्यामुळे चेंडू लागून आणि रस्त्यावर मोटारीखाली सापडूनही नेने मरतात.