खिडकी का खडखडते, आणि पावसाळ्यात दाराला रंधा का मारू नये

देवळालीकडे तोफांचा सराव चालू असला की आमच्या घरात सगळ्यात आधी कळतं ते हॉलच्या खिडकीला. मला काही ऐकू आलेलं नसतं, पण एक तावदान बारीक टिर्रर्र करतं. नाशिकरोडला जुन्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो आम्ही, आणि लांबून येणाऱ्या तोफेच्या आवाजातला वरच्या पट्टीचा भाग हवा वाटेतच खाऊन टाकते, उरतो तो खालच्या सुराचा धक्का, त्यातला बराचसा सेकंदाला २० कंपनांच्याही खाली, आणि २० च्या खालचं माणसाच्या कानाला जवळपास ऐकूच येत नाही. काचेला मात्र बरोबर लागतं. पण गंमत अशी की त्याच भिंतीतली शेजारची खिडकी एकदम गप्प असते. धक्का दोघींना सारखाच बसतोय, मग एकच का बोलते? म्हणजे तोफेकडे बोट दाखवून उपयोग नाही, खिडकीतच काहीतरी ढिलं आहे.

आषाढात तेच काम वारा करतो. घाटाकडून पश्चिमेचा वारा सुटला की रात्रभर धडधड, खडखड, मग कोणीतरी उठून जुना पेपर घडी करून फटीत कोंबतं आणि सगळे झोपतात. आमची आजी पंचवटीतल्या वाड्यात हेच करायची, फक्त पेपरऐवजी लाकडाची पाचर. आधी मला वाटायचं पेपरने वारा अडतो म्हणून आवाज थांबतो. तसं नाहीये. वारा किती जोर लावतो याचा हिशोब सोपा आहे : हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले २. नाशिकच्या उंचीवर एक घनमीटर हवा साधारण १.१ किलोची. ताशी ३६ किमीचा वारा म्हणजे सेकंदाला १० मीटर, त्याचा दाब होतो ५५ पास्कल, म्हणजे दर चौरस मीटरला साडेपाच किलो वजन टेकवल्यासारखं. दोन बाय चार फुटांच्या झडपेवर ४ किलो. वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट, म्हणजे ताशी ७२ च्या झोताला तीच झडप १६ किलोने ढकलली जाते. एवढा जोर घडीच्या पेपरने काय अडणार!

पेपर करतो काय, तर मोकळी जागा खातो. झडप आणि चौकट यांच्यात दोन-तीन मिलिमीटर जागा असली की वाऱ्याचा झोत झडपेला आत ढकलतो, झोत ओसरला की ती परत येते आणि दर खेपेला लाकडावर लाकूड आपटतं. झोत सेकंदाला एक-दोनदाच येतो, एवढ्या संथ हालचालीचा आपल्याला आवाजच येणार नाही, पण आपटण्याचा ‘टक्’ हा फार थोड्या वेळात उरकणारा धक्का असतो आणि अशा धक्क्यात सगळ्या पट्ट्यांचे सूर एकदम निघतात, त्यातही २ ते ५ हजार हर्ट्झमधले (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंपन) आपल्या कानाला सगळ्यात जास्त टोचतात. वर अख्खी झडप तबल्याच्या पुडीसारखी तो आवाज मोठा करून देते. पाचर मारली की झडप एका बाजूला दाबून धरली जाते, आणि वाऱ्याचा जोर त्या दाबापेक्षा कमी असेपर्यंत ती हलतच नाही. एसटीच्या जुन्या गाडीत खिडकीच्या काचेला हात टेकवला की ती गप्प बसते ना, तेच.

म्हणून पहिलं काम सामान आणण्याचं नाही, मोकळीक नक्की कुठे आहे ते शोधण्याचं. बोटाने ढकलून बघायचं. काच हलतेय की झडप हलतेय की बिजागरी, या तिन्हीचा आवाजही वेगळा असतो. माझ्या त्या टिर्रर्र करणाऱ्या तावदानात काचच हलत होती. जुन्या खिडकीत काच लांबी भरून बसवलेली असते, आणि लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल. जवसाचं तेल वाळतं ते पाण्यासारखं उडून नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन आतल्या आत साखळ्या जोडत कडक होतं, आणि हे जोडणं वर्षानुवर्षं चालू राहतं, शेवटी ती इतकी कडक होते की उन्हात काच आणि लाकूड कमीजास्त प्रसरण पावलं की तडकून गळूनच पडते. पटाशीने जुनी लांबी खरवडून कडेने सिलिकॉनची बारीक रेघ मारली, एका दुपारचं काम. सिलिकॉन वाळल्यावरही रबरासारखं लवचीक राहतं म्हणून इथे ते चालतं.

झडप हलत असेल तर बहुतेक वेळा कडी-कोयंड्यात मोकळीक असते, कोयंडा दोन मिलिमीटर आत सरकवला की प्रश्न मिटतो. नाहीतर चौकटीच्या खाचेत, जिथे झडप येऊन टेकते तिथे, फोमची किंवा रबराची चिकटपट्टी. फोम स्वस्त आणि लावायला सोपा, पण सतत दाबून राहिला की काही काळाने परत फुगत नाही, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याचा गोंदही सुटतो. रबराची पोकळ पट्टी जास्त टिकते. जाडी अशी घ्यायची की दार लावल्यावर पट्टी साधारण एक तृतीयांश दबली पाहिजे, फार जाड घेतली तर कडीच लागत नाही आणि मग घरातले रोज दार ढकलून ढकलून बिजागरी ढिली करतात, म्हणजे परत तेच.

बिजागरीचा हिशोबही बघण्यासारखा आहे. २५ किलोचं, ९० सेंटिमीटर रुंद दार, त्याचं वजन मध्यावर म्हणजे बिजागरीपासून ४५ सेंटिमीटरवर, आणि वरच्या-खालच्या बिजागरीत दीड मीटर अंतर धरलं तर वरच्या बिजागरीला चौकटीपासून बाहेर ओढणारा जोर साडेसात किलोचा, दिवसरात्र. मुलं दाराला लटकली की किती ते विचारूच नका. म्हणून दार नेहमी वरच्या कोपऱ्यातून सुटतं आणि खाली घासतं. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर त्यात फेव्हिकॉल लावून गुल काढलेल्या माचीसच्या काड्या ठोकायच्या, वाळू द्यायचं, परत स्क्रू. हे सगळ्यांना माहीत असतं, करत कोणी नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यावरून माझं आणि सुताराचं वाजलं. जुलैमध्ये बेडरूमचं सागवानी दार अडकायला लागलं, सुतार आला, रंधा मारून कड तासून गेला, दार मस्त लागायला लागलं. फेब्रुवारीत त्याच दाराला एवढी फट की करंगळीचं टोक जाईल, आणि बाल्कनी उघडली की धडधड सुरू. चूक त्याची कमी, माझीच जास्त, कारण बोलावलं मी. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या १७-१८ टक्के पाणी धरून बसतं, मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ३० टक्के आर्द्रतेला हेच ६ टक्क्यांवर येतं, अर्थात तिथपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो आणि रंग-पॉलिशने तो अजून लांबतो. हे पाणी जातं पेशींच्या भिंतीत, आणि त्या भिंती फुगतात जाडीत, लांबीत जवळपास नाहीच. म्हणून दार उंचीला बदलत नाही, रुंदीला बदलतं. साग तसा शहाणा, बाकी बऱ्याच लाकडांपेक्षा कमी फुगतो, तरी १०० मिलिमीटर रुंदीच्या सागाच्या पट्टीत पावसाळा ते उन्हाळा दीड-दोन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. दाराला अशा उभ्या पट्ट्या दोन, म्हणजे झाले तीन-चार. जुने सुतार म्हणूनच मधली फळी खाचेत नुसती सरकवून ठेवायचे, चिकटवायचे नाहीत, तिला फुगायला जागा पाहिजे. (ती फळीच खडखडत असेल तर चुकूनही फेव्हिकॉल ओतू नका, पुढच्या उन्हाळ्यात मधोमध चीर. खाचेत मेणाचे किंवा रबराचे दोन-चार तुकडे सारले की पुरतं.) प्लायच्या फ्लश डोअरला हा त्रास फार कमी, कारण प्लायचे थर आडवे-उभे एकमेकांना धरून ठेवतात.

तर पावसाळ्यात दार अडकलं की आधी घासतंय कुठे ते बघा, बिजागरी आवळा, घासणाऱ्या कडेला मेणबत्ती चोळा, आणि रंध्याला दिवाळीनंतर हात घाला. तेव्हाही अडकत असेल तरच तासायचं, आणि तासलेल्या कडेला लगेच पॉलिश किंवा रंग, कारण उघडी कड जास्त पाणी पिते. जी फट ऋतूप्रमाणे कमीजास्त होते ती कडक वस्तूने भरायची नसते, दबणाऱ्या वस्तूने भरायची, म्हणजे दार फुगलं की पट्टी दबेल आणि आकसलं की फुगेल. आजीची पाचर दर मोसमाला वेगळी असायची ते उगाच नाही.

थंडीत हीच फट गार हवा आत आणते. निफाडचा पारा एक आकडी झाला की बातम्या येतात, द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, आणि आपण फ्लॅटमध्ये दोन गोधड्या घेऊनही पाय गार म्हणून कुरकुरतो. ९० सेंटिमीटर दाराखाली ५ मिलिमीटरची फट म्हणजे ४५ चौरस सेंटिमीटरचं भोक. आतबाहेर दाबाचा फरक नुसता ४ पास्कल धरला, जो हलक्या वाऱ्यालाही असतो, तरी तेवढ्या फटीतून तासाला २५ घनमीटरच्या आसपास हवा जाते, आणि दहा बाय बाराच्या खोलीत हवा असते सगळी मिळून ३४ घनमीटर. म्हणजे तासाभरात पाऊण खोली बदलली. खाली जुन्या साडीची गुंडाळी टाका, नाहीतर दाराच्या तळाला ब्रशची पट्टी स्क्रूने मारून घ्या. फटी शोधायला महागडं काही लागत नाही : सगळं बंद करायचं, किचनचा एक्झॉस्ट लावायचा आणि उदबत्ती घेऊन खिडक्या-दारांच्या कडेने फिरायचं. एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतो, घरात दाब किंचित कमी होतो, आणि जिथून हवा आत घुसते तिथे धूर आडवा होतो. परदेशात घर तपासणारे दारात मोठा पंखा बसवून ५० पास्कलचा फरक करतात आणि किती हवा गळते ते मोजतात, आपली उदबत्ती म्हणजे त्याचीच घरगुती आवृत्ती. (छताचा फॅन आणि गॅसची शेगडी बंद ठेवा, नाहीतर धूर भलतंच सांगतो.) याच कारणाने एक्झॉस्ट लावला की कुठलं तरी दार शिट्टी मारतं किंवा हॉलचं दार लावलं की बेडरूमचं ‘धप्’ करतं. दाराचं क्षेत्रफळ पावणेदोन-दोन चौरस मीटर, त्यावर एक पास्कल म्हणजे जवळपास २०० ग्रॅमचा जोर, आणि तेल दिलेल्या बिजागरीला तेवढा पुरतो.

शिट्टीवरून आठवलं, दोन वर्षं मी ज्या शिट्टीसाठी खिडकीला पट्ट्या लावत होतो ती निघाली बाल्कनीतल्या कपडे वाळत घालायच्या तारेची. गोल तारेवरून वारा गेला की मागे आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला भोवरे सुटतात, आणि त्यांचा सूर साधारण ०.२ गुणिले वेग भागिले जाडी एवढा असतो, हे व्हिन्सेंट्स स्ट्रोहाल या चेक भौतिकशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये तारांवरच मोजून काढलं. सेकंदाला १० मीटर वारा, २ मिलिमीटर तार : १००० हर्ट्झ, अगदी शिट्टी. १० मिलिमीटरचा ग्रिलचा गज असेल तर २०० हर्ट्झ, म्हणजे घूं. तारेवर दोन पंचे टाकले, शिट्टी बंद.

स्लायडिंगवाल्यांचं दुखणं वेगळं. ती झडप ट्रॅकमध्ये बेअरिंगवर उभी असते आणि सरकायची म्हणून तिला दोन्ही बाजूंना जागा सोडावीच लागते, ती जागा भरायला कडेला केसाळ पट्टी असते. सात-आठ वर्षांत ती धुळीने बसते, मग खडखड. दुकानात मीटरवर मिळते, ओढून काढायची आणि नवीन सरकवायची. पण ट्रॅकच्या तळाची भोकं दिसली की त्यात सिलिकॉन भरू नका! ती पाणी बाहेर जायला असतात. दर ९.८ पास्कलला पाणी एक मिलिमीटर वर चढतं, म्हणजे ताशी ७२ किमीच्या झोतात ट्रॅकमधलं पाणी दोन सेंटिमीटरच्या वर ढकललं जातं, आणि भोकं बुजलेली असली की तेच हॉलमध्ये उतरतं. आमच्या खालच्या मजल्यावर असंच झालं, सोफा भिजला, वर ‘तुमच्या बाथरूममधून गळतंय’ म्हणून भांडायलाही आले.

आणि हौसेने सगळंच बंद करू नका, हे जरा कडक शब्दांत सांगतो. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथली झरोक्याची जागा आणि दाराखालची फट बुजवायची नाही. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट धरतो. माणसाला नुसतं गरगरतं आणि कडी उघडायचंही राहतं. बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपणं याचाच भाऊ. किचनमध्येही जमिनीलगतची जाळी उघडी असू द्या, सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो.

त्यामुळे आमच्याकडे आता हॉल गप्प आहे, बेडरूम गप्प आहे, तारेवर कायम पंचे. फक्त बाथरूमच्या झरोक्याच्या काचपट्ट्या मी तशाच सोडल्यात. देवळालीकडे सराव सुरू झाला की त्या वाजतात, आणि बायको आतून ओरडते, ‘सुरू झाला बघा तुमचा भूकंपमापक.’