सोसायटीची एनओसी: विक्रीची वेगळी, भाड्याची वेगळी

‘सोसायटी एनओसी (ना-हरकत दाखला) देत नाही’ ही तक्रार महाराष्ट्रात दोन निराळ्या अडचणींसाठी केली जाते. एकीकडे फ्लॅट विकत घेतलेला माणूस सदस्यत्वासाठी ताटकळलेला असतो. दुसरीकडे मालक भाड्याने द्यायला तयार असतो, भाडेकरू सामान बांधून बसलेला असतो आणि कमिटी ‘आमच्याकडे बॅचलर चालत नाहीत’ म्हणून आडवी येते. खरी कारणं दोन्हीकडे तीच: धर्म, जात, आडनाव, ताटात काय असतं, लग्न झालंय की नाही. कायद्याची वाट मात्र वेगळी आहे. एकीचा उपाय दुसरीला लावला की सहा महिने जातात आणि हाती काही लागत नाही.

आधी विक्रीचं बघू. इथे कायदा बऱ्यापैकी खणखणीत आहे.

विकणाऱ्या सदस्याने सोसायटीला १५ दिवस आधी नोटीस द्यायची आणि घेणाऱ्याचं संमतीपत्र सोबत जोडायचं. नंतर मुद्रांक शुल्क भरून करार नोंदवायचा. मग विकणाऱ्याचा हस्तांतराचा अर्ज, घेणाऱ्याचा सदस्यत्वाचा अर्ज, नोंदणीकृत कराराची प्रत आणि मूळ शेअर सर्टिफिकेट द्यायचं. त्यासोबत १०० रुपये प्रवेश फी आणि ५०० रुपये हस्तांतर फी. याखेरीज हस्तांतर अधिमूल्य, ज्याला सगळे ट्रान्सफर प्रीमियम म्हणतात. ते महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. त्यावर ‘बिल्डिंग फंडासाठी स्वेच्छेने’ दोन लाख मागितले जातात, तेव्हा ती स्वेच्छा कमिटीची असते. देणगी म्हणा, विकास निधी म्हणा, नाव बदलून मर्यादा वाढत नाही.

आता एनओसी. २०१४च्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत, सरळ लिहिलंय की फ्लॅटच्या हस्तांतरासाठी सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याची गरज नाही. विकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला तो हवाच असेल, तर त्याने अर्ज करायचा आणि कमिटीने महिन्याभरात निर्णय घ्यायचा. प्रत्यक्षात तो हवा असतो बँकेला, कर्जाच्या फाइलसाठी. नको असलेल्या खरेदीदाराची कोंडी नेमकी इथे होते. सोसायटी ‘नाही’ म्हणत नाही, ती फक्त दाखला लांबवते, आणि तेवढ्यात कर्जमंजुरीची मुदत संपते. म्हणून बँकेच्या दाखल्याचा अर्ज आणि सदस्यत्वाचा अर्ज वेगवेगळे द्या. एक अडला म्हणून दुसऱ्याचा दिवस मोजायचा थांबू नये.

दिवस मोजणं महत्त्वाचं, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २२ प्रमाणे नकार द्यायचा तर तो कारणांसह कळवावा लागतो. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही, तर अर्जदार ‘मानीव सदस्य’ होतो, म्हणजे कायदा त्याला सदस्य झालाच असं धरतो. कलम २३ म्हणतं की पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. नकार मिळालाच, तर निर्णयाच्या तारखेपासून दोन महिन्यांत निबंधकाकडे, म्हणजे सोसायट्यांवर देखरेख करणाऱ्या सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे, अपील करता येतं. व्यवहारात ते वॉर्डाच्या किंवा तालुक्याच्या उपनिबंधक कार्यालयात जातं. कमिटी अर्ज हातातच घेत नसेल, तर तो फीसह निबंधकाकडे द्यायचा. त्यांनी तो ३० दिवसांत सोसायटीकडे पाठवायचा, आणि सोसायटीने पुढे ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तरी सदस्यत्व मानीव ठरतं.

हे सगळं ढासळतं ते एका कागदावर: पोच. सेक्रेटरीच्या हातात अर्ज दिला, त्यांनी ‘बघतो’ म्हटलं, आणि तीन महिन्यांनी ते म्हणतात, ‘कसला अर्ज?’ दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का, सही आणि तारीख घ्या. देत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा. नकार तोंडी मिळाला, तर त्याच दिवशी सेक्रेटरीला ईमेल करा: ‘आज आपण सदस्यत्व नाकारल्याचं तोंडी सांगितलं, कारण लेखी कळवावं.’ उत्तर आलं तर अपिलाला कारण मिळतं. नाही आलं तर घड्याळ चालूच आहे.

‘पुरेसं कारण’ म्हणजे काय? विकणाऱ्याची थकबाकी, अपुरी कागदपत्रं, न नोंदवलेला करार, मालकीचा वाद. ही रास्त कारणं आहेत आणि कमिट्या खऱ्या कारणावर याच चादरी पांघरतात. म्हणून थकबाकी नसल्याचा कागद अर्जालाच जोडा. ‘शाकाहारी कुटुंबांचीच बिल्डिंग आहे’ हे उपविधीत नसलेलं कारण आहे आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाने ते उपविधी होत नाही.

एक अपवाद मात्र मोठा आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात, फक्त पारशांना सदस्यत्व देणारी तिची उपविधी वैध ठरवली. मंजूर उपविधीतच तसं बंधन असेल, तर वरची वाट अरुंद होते. तेव्हा टोकन देण्याआधी उपविधींची प्रत मागून वाचा.

भाड्याचं प्रकरण वेगळं. इथे भाडेकरू सोसायटीचा कोणीच नसतो. करार मालकाशी असतो, त्यामुळे कलम २२-२३ त्याच्या कामाचं नाही. पण गंमत अशी की सोसायटीलाही इथे परवानगी देण्या-नाकारण्याचा अधिकार नाही. आदर्श उपविधींप्रमाणे मालकाने भाड्याने देण्याच्या आठ दिवस आधी फक्त कळवायचं असतं. सोबत लिव्ह अँड लायसन्स कराराची आणि पोलीस ठाण्याला दिलेल्या माहितीची प्रत. पोलिसांनाही माहितीच द्यायची असते, त्यांची ‘एनओसी’ घ्यायची नसते.

बहुतेक मालकांचा घोटाळा पत्राच्या पहिल्याच ओळीत होतो. ते लिहितात, ‘भाड्याने देण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.’ परवानगी मागितली की कमिटीला ती नाकारता येते, निदान तिला तसं वाटतं. लिहायचं असं: ‘सदनिका क्र. अमुक अमुक तारखेपासून ११ महिन्यांसाठी लिव्ह अँड लायसन्सने दिली जात आहे, हे उपविधीनुसार कळवत आहे.’ इथेही पोच घ्याच.

पैशांचंही असंच. सोसायटीला नॉन-ऑक्युपन्सी म्हणजे बिनवापर शुल्क घेता येतं, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, महापालिकेचे कर वगळून. महिन्याचं मेंटेनन्स ४,००० असलं आणि त्यात सेवा शुल्क २,५०० असलं, तर बिनवापर शुल्क २५०, चारशे नव्हे. बॅचलर आहेत म्हणून महिना हजार जादा, असा दर उपविधींत नाही.

तरीही कमिटीने गेटवर सामान अडवलं तर उपनिबंधकाकडे तक्रार मालकाने करायची, कारण सदस्य तो आहे. वाद चिघळला तर कलम ९१ खाली सहकार न्यायालयातही तोच जातो. भाडेकरूने सोसायटीच्या नावाने उपनिबंधकाला लिहिलेल्या अर्जावर ‘आपण सदस्य नाही’ एवढंच उत्तर येण्याचा संभव जास्त. मालक भांडायला तयार नसेल, तर भाडेकरूची बाजू तिथेच लंगडी पडते.

आणि मालकानेच ‘तुमच्यासारख्यांना देत नाही’ म्हटलं तर? अमेरिकेत १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश, रंग, धर्म किंवा मूळ देशावरून घर नाकारणं बेकायदा केलं. काही छोट्या घरमालकांना त्यात सूट आहे, पण कायदा आहे. आपल्याकडे खासगी घरमालकाला लागू होणारा असा सर्वसाधारण कायदा नाही. संविधानाचं कलम १५(२) दुकानं, उपाहारगृहं, विहिरी यांचं नाव घेतं, भाड्याच्या खोलीचं घेत नाही. काही ठिकाणी मात्र कवच आहे. अस्पृश्यतेच्या कारणाने कोणत्याही वस्तीत राहण्यास आडकाठी करणं नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ खाली गुन्हा आहे. एचआयव्हीबाधितांना २०१७च्या आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींना २०१९च्या कायद्याने घर भाड्याने घेताना भेदभावापासून संरक्षण दिलंय. धर्म किंवा खाणं यासाठी तसं काही नाही, आणि एजंटला ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो फोनवर आधी आडनाव विचारतो.

तेव्हा भाड्याच्या घराचं टोकन देण्याआधी मालकाला एवढंच विचारा: सोसायटीला पत्र दिलंय का, त्यात ‘परवानगी’ हा शब्द नाही ना, आणि पोच कुठे आहे?