इंटर्नशिपचं गाव आणि बाँडचं गाव

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत कुणाचा मुलगा एमबीबीएस झाला की काकूंचा प्रश्न ठरलेला: 'आता गावाला किती दिवस?' आणि उत्तरात इंटर्नशिप अन् बाँडची हमखास खिचडी.

इंटर्नशिप हा शिक्षणाचाच भाग. साडेचार वर्षांनंतरचं सक्तीचं एक वर्ष, त्यातले 12 आठवडे कम्युनिटी मेडिसिनचे, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्यसेवेचे. नोंदणी तात्पुरती, हाती विद्यावेतन, डोक्यावर कुणीतरी सर. बाँड त्यानंतरचा: सरकारी किंवा पालिकेच्या कॉलेजात शिकलात तर वर्षभर सेवा; माझ्या वेळी ती टाळायची तर 10 लाख भरावे लागत. इथे नोंदणी कायमची, पगार मिळतो आणि सही तुमची. (बाँड म्हणजे खेडंच, असंही नाही. मेडिकल कॉलेजातही पोस्टिंग मिळतं, आणि तेच हवं असणारे पुष्कळ.)

खरा फरक कळतो भातलावणीच्या दिवसांत. शहापूर-मुरबाडकडच्या आरोग्य केंद्रात साप चावलेला पेशंट आला की कोरड्या काचेच्या नळीत 2 मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त ओघळलं तर बहुधा घोणस किंवा फुरसं; प्रतिविष सुरू. गोठलं तरी निर्धास्त राहता येत नाही, कारण मण्यार चावली तर रक्त गोठतं, पण पापण्या मिटत जातात, श्वास अडतो. इंटर्न असताना मी नळी तिरकी केली आणि सरांकडे पाहिलं. बाँडमध्ये नळी तिरकी केली, तेव्हा सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. प्रतिविषाची रिअ‍ॅक्शन आली तर अ‍ॅड्रेनॅलिन भरून ठेवलंय का, 108 कधी बोलवायची, सगळं मलाच ठरवायचं होतं.

दुसरा फरक मुक्कामाचा. बरीच कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत आलेल्या इंटर्नला वाडीवर म्हातारी माणसं आणि बंद दारं भेटतात. तो लसीकरणाच्या रजिस्टरवर 'गैरहजर' लिहून मोकळा होतो. पोरं भिवंडीकडच्या भट्टीवर आहेत आणि डोस तिथे पोचवायला हवा, हे कळायला वर्ष काढावं लागतं. माझी तक्रार इथेच आहे: सर असतात तेव्हा मुक्काम नसतो, आणि मुक्काम असतो तेव्हा विचारायला सर नसतात.

'दिवसातून तीनदा, जेवणानंतर,' असं मी एका बाईंना महिनोन्‌महिने सांगत होतो. त्या मान हलवायच्या. सातव्या महिन्यात म्हणाल्या, "डॉक्टर, आमी दोनदाच जेवतो."