चरम अतिनील आकाशसर्वेक्षण

सुमारे १० ते ९१ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांत सबंध आकाश टिपण्याचे काम. अतिनील आणि क्ष-किरण यांच्या मधला हा पट्टा. हे किरण वातावरणाच्या वरच्या थरांतच शोषले जातात. देवगडच्या कातळसड्यावर माघातली रात्र कितीही स्वच्छ असो, त्यांतला एकही खाली पोचत नाही. म्हणून दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते.

खरी अडचण त्याही पलीकडची. ताऱ्यांमधल्या पोकळीत विरळ हायड्रोजन असतो आणि तो नेमका हाच प्रकाश गिळतो. खाडीवर धुके उतरले की जवळची होडी दिसते, पलीकडच्या तीरावरचे माड दिसत नाहीत; तसे अगदी शेजारचे तारे सोडता काहीच हाती लागणार नाही, अशी बराच काळ समजूत होती. पण हे धुके सगळीकडे सारखे दाट नाही. सूर्याभोवतीच्या भागात वायू फारच विरळ आहे. या भागाला स्थानिक बुडबुडा म्हणतात. १९७५ साली अमेरिका-सोव्हिएत अपोलो-सोयुझ मोहिमेतल्या छोट्या दुर्बिणीने एचझेड ४३ हा श्वेतबटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, दाट गाभा) या किरणांत पकडला आणि शंका फिटली.

आरसाही नेहमीचा चालत नाही. समोरून आलेले हे किरण त्यात मुरतात. पृष्ठभागाला जवळजवळ घासत आले तरच परततात. त्यामुळे आरशाचा आकार ताटाऐवजी नरसाळ्याकडे झुकतो.

जर्मनीच्या रोसॅट उपग्रहावरील ब्रिटिश वाइड फील्ड कॅमेऱ्याने १९९०-९१ मध्ये पहिले सर्वेक्षण केले. त्याच्या सुधारित यादीत ४७९ स्रोत आहेत. ७ जून १९९२ रोजी नासाचा एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट एक्सप्लोरर निघाला. कोकणात ऐन पावसाने आभाळ मिटलेले असताना, जुलैत, त्याने काम सुरू केले आणि आंबा मोहरायच्या दिवसांत, जानेवारीत, आकाशाचा फेरा पुरा केला. तीन दुर्बिणी आकाश झाडून काढत होत्या. चौथी सूर्याच्या विरुद्ध दिशेला, पृथ्वीच्या सावलीतून पाहत होती, कारण पृथ्वीभोवतीच्या हेलियमची झळाळी तिथे सर्वांत कमी. सापडलेल्या स्रोतांत तप्त श्वेतबटू आणि धगधगत्या प्रभामंडळाचे (सर्वांत बाहेरच्या तप्त वायुथराचे) तारे जास्त.

या आकाशात मानमरातब उलटे होतात. व्याधाचा डोळ्यांना दिसणारा तेजस्वी तारा इथे फिका. त्याचा पृथ्वीएवढा श्वेतबटू जोडीदार मात्र झळकतो. सूर्य वगळता सर्वांत प्रखर ठरली ती सुमारे ४०० प्रकाशवर्षे दूरची अधारा ही तारका. इतक्या लांबून तिचा प्रकाश पोचतो, कारण त्या दिशेला हायड्रोजन विलक्षण विरळ आहे. या सर्वेक्षणातला हा सर्वांत सुंदर शोध म्हणायला हवा. मालवणच्या किनाऱ्यावरून फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे पाहावे : हात लांब करून मूठ धरली, तर व्याधाच्या खाली मुठीहून जरा जास्त अंतरावर ती असते.

एक्सप्लोरर ३० जानेवारी २००२ रोजी वातावरणात परतला. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरील (२०१५) अतिनील दुर्बीण १३० ते ३०० नॅनोमीटरसाठी घडवलेली आहे, म्हणजे या पट्ट्याच्या बाहेर.