ड्रॅगची ताकद आणि गुंडाळण्याची ताकद

मासेमारीच्या मोठ्या ल्युअरसाठी, म्हणजे कृत्रिम आमिषासाठी, दणकट रीळ कमी खर्चात घ्यायचे ठरवले की खोक्यावर ठळक छापलेला ‘कमाल ड्रॅग ११ किलो’ हा आकडा आधी डोळ्यांत भरतो आणि तीच रिळाची ताकद, अशी समजूत होते. वास्तविक मासा किती जोराने ओढू लागला की रीळ दोरी सोडेल, एवढेच तो आकडा सांगतो. जड ल्युअर पाण्यातून खेचून आणणे हे गुंडाळण्याच्या ताकदीचे काम आहे, आणि ती बहुधा खोक्यावर लिहिलेली नसते.

ड्रॅग म्हणजे एकमेकींवर दाबून बसवलेल्या चकत्यांची चळत. ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की त्या घसरतात आणि दोरी तुटण्यापासून वाचते. हा ताण साधारणपणे दोरीच्या तुटण्याच्या क्षमतेच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ठेवतात. म्हणजे ३० किलोला तुटणाऱ्या ब्रेडेड (धागे विणून केलेल्या) दोरीलाही साडेसात ते दहा किलो पुरतात, आणि हातात रॉड धरून तेवढा ताण फार वेळ पेलणेच कठीण असते. त्यामुळे ११ किलोऐवजी १४ किलोच्या ड्रॅगसाठी जादा पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही.

गुंडाळण्याची ताकद मात्र गिअरचे गुणोत्तर (हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे किती फेरे होतात ते), हँडलची लांबी आणि स्पूलचा, म्हणजे दोरी गुंडाळली जाते त्या चाकाचा, व्यास या तिघांवर ठरते. समजा स्पूलचा व्यास ४३ मिलिमीटर आहे, गुणोत्तर ७.१:१ आहे आणि हँडलच्या मध्यापासून मुठीपर्यंतचे अंतर ४५ मिलिमीटर आहे. मुठीवर पाच किलोचा जोर लावला तर, घर्षण सोडून दिले तरी, दोरीवर जेमतेम दीड किलोची ओढ येते. त्याच स्पूलवर गुणोत्तर ५.३:१ आणि ते अंतर ६० मिलिमीटर केले, तर ओढ अडीच किलोच्या वर जाते. त्या बदल्यात हँडलच्या एका फेऱ्यात ९६ ऐवजी सुमारे ७२ सेंटिमीटर दोरी येते. खोल बुडणारे रुंद जिभेचे ल्युअर किंवा मोठ्या फिरत्या पात्यांचे ल्युअर प्रत्येक फेकीला पाण्याचा अवरोध ओढत येते, तेव्हा हा फरक तासाभरातच मनगटाला कळतो. डावी-उजवीकडे सरकणाऱ्या ग्लाइड ल्युअरची गोष्ट वेगळी. त्यात ढिली दोरी चटकन आवरायची असल्याने वेगवान गुणोत्तरच सोयीचे पडते.

आता पैशांचा प्रश्न. मासा लागला तरच ड्रॅग घसरतो, पण गिअरवर आणि सांगाड्यावर भार पहिल्या फेकीपासून पडतो. सांगाडा किंचित जरी वाकला तरी गिअरचे दाते नीट जुळत नाहीत आणि झिजू लागतात. ड्रॅगच्या जुन्या चकत्या काढून कार्बनच्या चकत्या पुढे थोड्या खर्चात बसवता येतात, हँडलही बदलता येते; कमकुवत सांगाडा मात्र बदलता येत नाही, उलट लांब हँडलने त्याच्यावरचा ताण वाढतो. म्हणून मर्यादित पैसे आधी धातूच्या एकसंध सांगाड्यावर आणि पितळेच्या मोठ्या गिअरवर घालावेत, मग ड्रॅगचा आकडा सात-आठ किलोच असला तरी चालेल. विकत घेण्यापूर्वी स्पूल अंगठ्याने घट्ट दाबून धरावा आणि हँडल हळूहळू जोराने फिरवून पाहावे: बाजूचे झाकण सांगाड्यापासून केसभर जरी सरकताना दिसले, तर ते रीळ परत ठेवावे.