अंतराळ नेमके कुठे सुरू होते? 80 आणि 100 किलोमीटरचा जुना वाद

जमिनीपासून 100 किलोमीटरवर अंतराळ सुरू होते, हे आपण इतक्यांदा वाचलेले असते की ती रेषा निसर्गानेच आखली असावी असे वाटते. प्रत्यक्षात कुठल्याही आंतरराष्ट्रीय कायद्यात ती नाही. 1944 च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाला आपल्या हवाई क्षेत्रावर पूर्ण हक्क दिला, पण ते क्षेत्र वर कुठे संपते हे सांगितले नाही. अंतराळावर कुणाचीच मालकी नाही, हे 1967 च्या करारात आले. ते कुठून सुरू होते हे त्यातही नाही. या मोकळ्या जागेचा फायदा घेऊन 1976 मध्ये काही विषुववृत्तीय देशांनी थेट 36 हजार किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेवर (जिथला उपग्रह जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतो) दावा सांगितला. तो टिकला नाही.

100 चा आकडा रूढ केला तो विमानोड्डाणांचे विक्रम नोंदवणाऱ्या संस्थेने. त्यामागचा विचार सोपा आहे. जसजसे वर जावे तशी हवा विरळ होते आणि पंखांवर तरंगत राहण्यासाठी विमानाला वेग वाढवावा लागतो. एका उंचीवर हा वेग पृथ्वीभोवती कक्षेत फिरण्याच्या वेगाइतका होतो. मग पंखांना काही अर्थच उरत नाही. पण ही उंची विमानाच्या वजनावर आणि पंखांच्या आकारावर ठरते. ज्या शास्त्रज्ञाचे, फॉन कारमानचे, नाव या रेषेला मिळाले, त्याचा स्वतःचा आकडाही 100 नव्हता, त्याहून कमी होता. लंबवर्तुळाकार कक्षेतले उपग्रह 80-90 किलोमीटरपर्यंत खाली येऊनही काही फेऱ्या तग धरतात. त्यामुळे सीमा 80 किलोमीटरवर मानण्याच्या बाजूने भौतिकशास्त्राचे पारडे जड आहे, असे मला वाटते. 100 ची खरी जमेची बाजू एवढीच की तो लक्षात राहतो.

अमेरिकेच्या हवाई दलाने सुरुवातीपासून 50 मैल, म्हणजे साधारण 80 किलोमीटर, ही मर्यादा मानली. एक्स-15 या रॉकेट विमानाच्या काळात तिचे महत्त्व कळते. बॉम्बर विमानाच्या पंखाखालून सुटणारे हे यान इतके वर जाई की तिथे सुकाणू चालत नसे; नाक वळवायला छोटे रॉकेट झोत वापरावे लागत. 13 उड्डाणे 50 मैलांवर गेली, 100 किलोमीटरवर फक्त दोन, दोन्ही 1963 मध्ये आणि एकाच वैमानिकाची. हवाई दलातल्या वैमानिकांना अंतराळवीराचे पदक मिळाले. दोनदा 100 किलोमीटर ओलांडणारा वैमानिक मात्र नागरी नोकरीत होता, म्हणून त्याला काहीच नाही. त्याला आणि त्याच्या दोन नागरी सहकाऱ्यांना हा मान 2005 मध्ये दिला गेला. तोवर तिघांपैकी दोघे हयात नव्हते, आणि दोनदा 100 ओलांडणारा त्या दोघांतच होता. सीमेचा वाद कागदावरचा वाटतो, पण माणसाच्या वाट्याला काय येते तेही त्यावर ठरते.

2004 मध्ये जिंकल्या गेलेल्या खासगी यानांच्या स्पर्धेत दोन आठवड्यांत दोनदा 100 किलोमीटर गाठण्याची अट होती आणि त्यामुळे तो आकडा आणखी घट्ट झाला. जुलै 2021 मध्ये नऊ दिवसांच्या अंतराने दोन कंपन्यांचे मालक स्वतः वर गेले. एकाचे यान 86 किलोमीटरपर्यंत पोचले, दुसऱ्याचे 107 पर्यंत. पहिला अंतराळात गेला की नाही, यावर मोठा वाद रंगला. त्याच वर्षाअखेरीस अमेरिकी विमानवाहतूक नियामकाने व्यावसायिक उड्डाणांसाठीचे पदक बंद केले. आता 50 मैल ओलांडणाऱ्याचे नाव फक्त एका यादीत नोंदले जाते.