क्रुट्की फिल्म ओ झाबियान्यू (हत्येवरचा छोटा सिनेमा)

पोलंडचे दिग्दर्शक क्शिश्तोफ किएश्लोव्स्की यांचा 1988 चा गुन्हेपट. लांबी साधारण 84 मिनिटं. वॉर्सात विशीतला एक पोरगा काही कारण नसताना एका टॅक्सीवाल्याला मारतो आणि मग सरकार त्या पोराला फासावर देतं, एवढीच गोष्ट. पटकथा किएश्लोव्स्की आणि वकील क्शिश्तोफ पिएसिएविच यांची, संगीत झ्बिगनिएव प्राइस्नर यांचं.

आधी सिनेमा की आधी मालिका, यावरून बराच गोंधळ आहे. 'डेकालॉग' या दहा भागांच्या टीव्ही मालिकेतला पाचवा भाग म्हणजे हीच गोष्ट, 57 मिनिटांत, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी हा सिनेमा म्हणजे त्या भागाची वाढवलेली आवृत्ती असं लिहिलेलं असतं. पण सिनेमा पोलंडमध्ये मार्च 1988 मध्येच लागला आणि मालिका टीव्हीवर आली डिसेंबर 1989 पासून. किएश्लोव्स्की स्वतः सांगायचे ते असं, की टीव्हीकडून मिळणारे पैसे पुरणार नव्हते म्हणून ते संस्कृती मंत्रालयाकडे गेले आणि म्हणाले की कमी पैशात मालिकेतल्या दोन भागांचे सिनेमे करून देतो, त्यातला पाचवा भाग त्यांचा स्वतःचा हट्ट होता आणि दुसरा मंत्रालयानं निवडला. म्हणजे कल्पना मालिकेची, पैसा सिनेमाचा आणि शूटिंग दोन्हींचं मिळून, असं धरलं तर सगळ्या तारखा जुळतात.

पिएसिएविचशी ओळख त्याच्याही आधीची. डिसेंबर 1981 मध्ये लष्करी कायदा लागला, त्यानंतरच्या राजकीय खटल्यांवर किएश्लोव्स्कींना माहितीपट करायचा होता आणि पिएसिएविच तिथे आरोपींचे वकील होते. कोर्टात कॅमेरा दिसला की न्यायाधीश कडक शिक्षा द्यायला कचरतात असं लक्षात आल्यावर वकीलच कॅमेरा घेऊन या म्हणून मागे लागले, अशी आठवण किएश्लोव्स्की सांगत. कायद्याबद्दलचा या सिनेमातला राग तिथूनच आलाय असं मानायला हरकत नाही.

यात्सेक (मिरोस्वाव बाका) गावाकडून आलेला, शहरात नुसता भटकतो, उड्डाणपुलावरून खालच्या गाड्यांवर दगड टाकतो, कॅफेत बसल्या बसल्या हाताला दोरी गुंडाळून बघतो. टॅक्सीवाला (यान तेसाश) तिरसट, कुणाला गाडीत घ्यायचं आणि कुणाला ताटकळत ठेवायचं हे आपल्या लहरीवर ठरवणारा. पिओत्र (क्शिश्तोफ ग्लोबिश) नुकतीच सनद मिळालेला वकील. खून लवकर होतच नाही, साधारण सात मिनिटं चालतो, दोरीनं भागत नाही, शेवटी दगड घ्यावा लागतो. खटला दाखवलेलाच नाही, एकदम निकालच. फाशीची तयारी मात्र बारकाईनं दाखवलीय, जल्लाद आधी येऊन यंत्राला वंगण घालतो, दोर खालीवर करून बघतो, खाली प्लास्टिकचा ट्रे सरकवतो, आणि हे सगळं रोजच्या ड्युटीसारखं. शेवटच्या भेटीत यात्सेक वकिलाला धाकट्या बहिणीचं सांगतो, ती ट्रॅक्टरखाली गेली, चालवणारा दोस्त प्यायलेला होता आणि त्याच्यासोबत प्यायला यात्सेकच बसला होता. हा प्रसंग असूनही सिनेमा खुनाचं कारण देत नाही आणि त्यातच त्याची ताकद आहे.

कम्युनिस्ट राजवटीवर थेट एक वाक्यही नाही, म्हणून काही समीक्षक याला फक्त नैतिक प्रश्नाचा सिनेमा मानतात. पण कुणालाच कुणाची पर्वा नसलेलं ते शहर 1980 च्या दशकातलं थकलेलं वॉर्साच आहे, तेव्हा राजवट चौकटीबाहेर राहते असं म्हणणं पटत नाही.

छायालेखक स्वावोमिर इज्याक यांची अटच होती की हिरव्या फिल्टरमधून शूट करू दिलं तरच काम करीन. फिल्टर त्यांनी खास तयार केले, चौकटीचे कोपरे काळवंडतात, माणसाचा चेहरा तेवढा उजेडात राहतो आणि आकाश गढूळ पिवळट दिसतं.

1988 मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला, आणि युरोपियन फिल्म पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाले, त्यातला सर्वोत्कृष्ट चित्रपटही हाच.

या सिनेमामुळे पोलंडमध्ये फाशी बंद झाली असं सर्रास म्हटलं जातं, ते जपून घ्यावं. देशातली शेवटची फाशी 21 एप्रिल 1988 ला क्राकूवमध्ये झाली, म्हणजे सिनेमा लागल्यानंतर आणि कानच्या आधी. 1989 मध्ये राजवट गेली, त्या डिसेंबरच्या माफी कायद्यानं बाकी फाशीच्या शिक्षा 25 वर्षांच्या कैदेत बदलल्या, 1995 मध्ये पाच वर्षांची स्थगिती आली आणि 1997 च्या नव्या दंडसंहितेनं ही शिक्षा काढून टाकली, ती दंडसंहिता 1 सप्टेंबर 1998 पासून लागू झाली. चर्चेला सिनेमानं जोर दिला हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात, पण कायदा बदलला तो मुख्यतः राजवट बदलली म्हणून, हे मत जास्त सयुक्तिक वाटतं.